टोपीखालचं शून्य

४ जाने., शनि. सातारा

सांगलीहून सकाळच्या एसटीने आले. कराडपर्यंत उभी. घरी पोचले तर नाना पाठीला तीन उशा लावून तयार. तोंडावर मास्क, मास्कच्या वर डोळे, आणि डोळे लेकीकडे नाहीत, लॅपटॉपकडे. "गाडीला गर्दी होती का" वगैरे आता बंद. बोलायला दम लागतो, आणि जो काही दम आहे तो चौकशांवर घालवायचा नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. बरं आहे. आईने चहा दिला, अर्धा टाकून कामाला बसले.

नानांचं गणित लॅपटॉपमधल्या गणिताच्या प्रोग्रॅममध्ये चढवायचं, अकराव्या पानापासून पुढे. अल्फा आणि बीटा, दोघांना टोपी, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर छपरासारखी खूण. टोपी घालायची म्हणजे कंट्रोलची कळ दाबून धरायची, वरची सातची कळ, मग टोपीचं चिन्ह, मग बाणाची कळ मारून टोपीतून बाहेर. बाहेर यायचं विसरलं की पुढचं सगळं टोपीत शिरतं. नुसती ग्रीक अक्षरं सोपी. एस्केप, अक्षर, परत एस्केप. एकामागून एक कळ. दिवाळीपर्यंत ती नाना स्वतः टाकत होते, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने. तेवढं एकच बोट चालत होतं. टोपीला मात्र दोन हात लागतात. तिथे मी. आता बोटही गेलं, तेव्हा सगळीकडेच मी.

दीड पान झालं.

५ जाने., रवि. सातारा

परत तोच वाद. म्हटलं, नाना, टोपीबिपी सोडा. 'अल्फाटोपी' असं सलग नाव देऊ, एक शब्द. मशीनला तेच बरं पडतं, माझाही वेळ वाचेल.

नाना (एकेक शब्द ओढून): "ते... गणित नाही. ती... तार आहे."

तार म्हणजे पोस्टातली. 'आई सीरियस, लवकर या' वाली.

पुढे: "फळ्यावर... जसं... तसंच."

झालं. फळा आला की संपलं. सगळी नोकरी फळ्यापुढे गेली. पोरं गणित समजो न समजो, नानांचा फळा जसाच्या तसा उतरवून घ्यायची, समासासकट. कच्चं काम फळ्यावर नको, ते कोपऱ्यात करायचं आणि पुसायचं. तास संपला की फळा स्वतः स्वच्छ पुसून मगच वर्गाबाहेर. दुसऱ्या मास्तरासाठी घाण ठेवायची नाही. मशीनवरही तेच. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम, म्हणजे मधली उत्तरं पडद्यावर येत नाहीत. बाजूला काही करून बघितलं, की "फळा पूस". मी ओळी निवडून पुसते. पडदा एकदम सोवळा.

सगळा खटाटोप शेवटच्या पानासाठी. डावी बाजू वजा उजवी बाजू. मशीनने शून्य म्हटलं तर नानांचं म्हणणं खरं. वीसेक वर्षं ते म्हणणं उराशी धरून आहेत. हाताने करायला गेलं की पाचपन्नास पानांत कुठेतरी एक चिन्ह फिरतं. म्हणून मशीन.

दुपारच्या गाडीने सांगलीला. उद्या कॉलेजात शिकवायचं.

११ जाने., शनि. सातारा

आज नानांचा आवाज बरा. सूप ठसका न लागता गेलं. आई खूश. "आज लय दिसांनी वाटी पुसून घेटली बघ."

त्या भरात नानांनी पुढचं पान सोडून भलतंच काढलं. अल्फा शून्य, बीटा शून्य ठेवून बघ, जुनं माहीत असलेलं सूत्र मिळतं का. मिळालं. नानांच्या भुवया वर गेल्या. हसणं आता तेवढंच राहिलंय, भुवयांपुरतं. मग "फळा पूस". पुसला. पुढे चालू.

लॅपटॉप बंद करायचा नाही अशी ताकीद. सगळी पानं पहिल्यापासून परत चालवायला पाऊण तास जातो आणि तेवढ्यात नाना दमून जातात. म्हणून नुसतं झाकण लावायचं, वायर लावलेलीच. आईने त्याच्यावर टॉवेल पांघरलाय. धूळ बसू नये म्हणून.

१८ जाने., शनि. सातारा

काल मिरजेच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले. सरळ माणूस आहे, गोल गोल बोलत नाही. म्हणाले, मास्कवर फार दिवस निघणार नाहीत. एखादा सर्दी-खोकला निमित्त होईल. तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि श्वासाच्या मशीनवर ठेवायचं, की नाही, हे आधी ठरवा. नळी घातली तर माणूस वर्षं काढतो. पडून, पण डोकं शाबूत. "त्यांनाच विचारा. ऐन वेळी घरचे ठरवतात आणि मग आयुष्यभर भांडतात."

आज विचारलं. नाना छताकडे बघत होते.

"काम... होऊ दे. मग... सांगतो."

आई दारात उभी होती. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा गेली.

२६ जाने., रवि. सातारा

आवाज गेला. म्हणजे घशातून काहीतरी येतं, पण शब्द नाही. आईलाही कळत नाही, आणि आईला न कळणं म्हणजे संपलंच.

आता डोळे. एकदा मिटले की हो, दोनदा नाही. लग्नपत्रिकेच्या पाठीमागे अक्षरं लिहिली, ओळीने. मी म्हणायचं "क ची ओळ, च ची ओळ, ट ची ओळ", डोळे मिटले की थांबायचं, मग त्या ओळीत एकेक. चिन्हांची पत्रिका वेगळी. टोपी, नागमोडी, शिरोरेघ, वर टिंब, दोन टिंबं, दुहेरी काठाचं अक्षर, वळणदार अक्षर.

आई शेजारच्या सुभेदारकाकांना सांगत होती, "अक्षरावर शिरोरेघ म्हंजी डोक्यावरनं पदर. नागमोडी म्हंजी नागपंचमीचा नाग. मला समदं ठावं हाय आता." काका फौजेत नर्सिंगला होते. नानांचा मास्क, नळ्या, कूस बदलणं तेच बघतात. म्हणाले, "वैनी, तुमी बी परीक्षेला बसा आता."

आज सहा ओळी. एकेका टोपीला केवढा वेळ. मी मधेच चिडले. "नाना, टोपी राहू दे ना एवढ्या ओळीपुरती!" डोळे दोनदा. चिडायला नको होतं. पण मग कुणावर चिडू?

२ फेब्रु., रवि. सातारा

शून्य.

दुपारी शेवटची ओळ टाकली. या एका ओळीला अर्धविराम नाही. शिफ्ट-एंटर. मशीन घुमायला लागलं. पंखा सुटला. आई ताट घेऊन उभी, नानांचे डोळे पडद्याला चिकटलेले. मला तर वाटलं हँगच झालं. आणि मग खाली एवढंसं, एका कोपऱ्यात, ०.

नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मास्कच्या कडेने आत जायला लागलं. आईने पदराने पुसलं. "झालं का? झालं का आवं?" डोळे एकदा मिटले. मी नानांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. याआधी अशी कधी रडले होते आठवत नाही.

आईने काकांना कंदी पेढे आणायला पिटाळलं. पेढा घेताना काका म्हणतात, "सर, शून्य आलं म्हून पेढं? आमच्या पोराला साळंत शून्य आलं तवा मी त्येला फोडून काढला हुता." नानांच्या भुवया वर गेल्या. बऱ्याच दिवसांनी हे घर हसलं.

संध्याकाळी नानांनी स्वतःहून पत्रिका मागितली. का-म-झा-लं. मग न-ळी. मी विचारलं, "नळी घालायची?" दोनदा. "नक्की?" एकदा. शांत होते. खरंच शांत. असे नाना मी आजार लागल्यापासून पाहिले नव्हते.

आई उठून आत गेली. भांडी घासलेली होती, तीच परत घासत बसली.

३ फेब्रु., सोम. सांगली

पुण्याच्या जोगळेकरसरांना फोन केला. नानांचे एम.एस्सी.चे वर्गबंधू, हे म्हणणं खरं का खोटं ते समजणारा एकमेव माणूस. फोनवरच आवाज भरून आला त्यांचा. "कसं का होईना, पठ्ठ्याने केलं." म्हणाले, स्वच्छ प्रत पाठव, मी वाचतो आणि पुढचं बघतो. तो असताना झालं तर सोनं.

मिरजेलाही कळवलं. नळी नको म्हणतायत. डॉक्टर बरं म्हणाले.

१० फेब्रु., सोम. सांगली

काल येताना फाइल पेनड्राइव्हवर आणली. म्हटलं कॉलेजच्या मशीनवर स्वच्छ प्रत काढू, साताऱ्याचा लॅपटॉप रडतखडत चालतो. लॅब रिकामी होती. सगळी पानं पहिल्यापासून चालवली.

शून्य आलं नाही.

दोन पडदे भरून पदं आली. टोपीवाले अल्फा, टोपीवाले बीटा, घन, वर्ग, रांगेने. वाटलं फाइल अर्धीच आली. पेनड्राइव्हवरून परत घेतली, परत चालवली. तेच. अक्षर न् अक्षर तेच.

पुढचा तास घेतला. काय शिकवलं देव जाणे.

१३ फेब्रु., गुरु. सांगली

सापडलं. न सापडतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी अल्फा शून्य, बीटा शून्य ठेवून बघितलं होतं, नानांचा आवाज बरा होता त्या दिवशी. मग फळा पुसला. ओळी पडद्यावरून गेल्या. मशीनच्या डोक्यातून गेल्याच नाहीत. त्याला एकदा सांगितलं अल्फा म्हणजे शून्य, की सांगून काढेपर्यंत किंवा बंद करेपर्यंत शून्यच. तुम्ही ती ओळ ठेवा नाहीतर पुसा. आणि आम्ही बंद कुठे करत होतो? टॉवेल पांघरून झोपवत होतो.

त्यात टोपी. नानांच्या मनात टोपीवाला अल्फा हा वेगळाच गडी, साध्या अल्फाशी त्याचं नातं नाही. मशीनच्या लेखी तो म्हणजे आत अल्फा आणि वर टोपी. आतला शून्य झाला की टोपीखाली शून्य. बीटाचंही तेच. टोपीखाली शून्य आणि टोपीखाली शून्य, दोघं हुबेहूब. एकातून दुसरा वजा केला, गेला. असं वजा होत होत अख्खं पान गेलं. अर्धविरामांमुळे मधलं काही दिसलं नाही. मधलं एक जरी उत्तर पडद्यावर आलं असतं तरी टोपी घातलेलं शून्य दिसून मी दचकले असते.

मी म्हणत होते ते सलग नाव दिलं असतं तर वाचलो असतो. हे मनात आलं आणि क्षणभर बरं वाटलं. मग स्वतःची शिसारी आली.

आणि मी तरी कोण? पहिल्या तासाला पोरांना मीच सांगते ना, नवीन गणित घ्यायच्या आधी मशीनची पाटी कोरी करायची आज्ञा द्या. घरात नाना "फळा पूस" म्हणाले की मी त्यांची विद्यार्थिनी. पुसला की झालं.

१५ फेब्रु., शनि. सातारा

नाना झोपलेले असताना टॉवेल काढला. एस्केप, अक्षर, एस्केप. नुसता अल्फा. शिफ्ट-एंटर.

०

तसंच परत झाकून ठेवलं.

नाना जागे झाल्यावर डोळ्यांनी विचारलं, पत्रिका न घेताच कळलं. जोगळेकर? म्हटलं, वाचतायत. खोटं बोलले. जोगळेकरांना अजून काही पाठवलेलंच नाही, त्यांचे तीन फोन उचलले नाहीत.

नाना मजेत आहेत. हल्ली काकांकडून पेपर वाचून घेतात. आईला पत्रिकेवरून सांगितलं, पु-र-ण-पो-ळी क-र. स्वतःला गिळता येत नाही. दुसऱ्यांनी खाल्लेली बघायची होती.

१९ फेब्रु., बुध. सांगली

रोज कॉलेज सुटलं की लॅब. म्हटलं, आपणच दुरुस्त करू आणि नानांना पत्ताच लागू द्यायचा नाही. उरलेली पदं कुठून येतात बघितलं. सातव्या पानापर्यंत माग लागतो. तिथे एक तर माझं टंकनात काहीतरी सुटलंय, नाहीतर नानांची एखादी अट लिहायची राहिलीय, त्यांना इतकी उघड वाटलेली की सांगितलीच नाही. नाहीतर मग म्हणणंच खोटं आहे. तिन्हींपैकी कुठलं, ते मला कळत नाही. मी इंजिनिअरिंगच्या पोरांना पास होण्यापुरतं गणित शिकवते. हे गणित एकाच माणसाच्या डोक्यात आहे, आणि त्याला फक्त डोळे मिटता येतात.

हात टेकले.

२३ फेब्रु., रवि. सातारा

बोलले नाही. काल नाही, आजही नाही.

बसमध्ये विचार करत होते, सांगून काय मिळणार? माणूस सुखात आहे. काम झालं या समाधानात नळी नको म्हणाला. महिन्या-दोन महिन्यांत जाईल, शांतपणे. सांगितलं तर एकतर खचून जाईल, नाहीतर म्हणेल नळी घाला, मला वेळ पाहिजे. मग वर्षानुवर्षं ते मशीन, ती नळी, रोज कफ ओढणं, आईचे गुडघे, माझे शनिवार-रविवार.

माझे शनिवार-रविवार. लिहिलंच शेवटी. मी थकलेय. नाना सुटावेत असं वाटतं, आणि त्यात मीही सुटावं असं वाटतं. दोन्ही वेगळं काढता येत नाही. म्हणून माझ्या 'त्यांच्या भल्यासाठी' वर माझाच विश्वास नाही.

१ मार्च, शनि. सातारा

ताप. छातीत घरघर. काकांनी पाठ थोपटून, कुशीवर घेऊन बराच कफ काढला. बाहेर ओसरीवर येऊन म्हणाले, "पोरी, ह्यो वार हुकला. पुढचा हुकंल का नाय सांगता येत नाय." डॉक्टरांना फोन. औषध वाढवलं. म्हणाले, नळीचं एकदा परत विचारून घ्या, १० तारखेच्या सोमवारी मी फोन करतो, शेवटचं म्हणून.

न्हाणीघरात जाऊन रडत होते. आईने कडी वाजवली. "विदे, हिकडं ये. तुजं कायतरी बिनसलंय. पंधरा दीस बघतीय मी. बापाकडं बघत न्हाईस तू."

सांगितलं. शून्य खोटं आहे. टोपी, पुसलेल्या ओळी, सगळं सांगितलं. आईला दुसरीच्या पुढची शाळा नाही. मी हे नवव्यांदा समजावलं असतं तरी तिला अल्फा कळला नसता. पण तिने एकच विचारलं.

"म्हंजी त्येंनी नळी नगं म्हटलं, ते ह्या शून्यापायी?"

"हो."

"मंग त्येंला सांगाया नगं?"

म्हटलं, आई, सुखाने जातायत, जाऊ दे ना.

"सुखानं जात्याल. पर फसून जात्याल." पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मला का वाटत न्हाई व्हय सुटावं त्येंनी? रोज वाटतं. देवाला सांगती बी. पर मी देवाला सांगती. त्येंला फसवून न्हाई करत."

२ मार्च, रवि. सातारा

ताप उतरला. सांगायचं म्हणून पलंगापाशी बसले. नानांनी पत्रिका मागितली. जो-ग. मी म्हटलं, "कळवतील." आणि उठले.

आईने माझा डबा भरून दिला. नेहमी स्टँडपर्यंत काकांना पाठवते, आज नाही पाठवलं.

८ मार्च, शनि. सातारा

सांगितलं.

कसं सांगायचं याची आठवडाभर तालीम केली होती. ऐन वेळी सगळी विसरले. टॉवेल काढला, लॅपटॉप नानांच्या समोर नेहमीच्या जागी ठेवला, आणि एस्केप, अक्षर, एस्केप. नुसता अल्फा. शिफ्ट-एंटर. ०. मग बीटा. ०. मग टोपीवाला अल्फा, अर्धविराम न घालता. टोपी घातलेलं शून्य. बीटा, तेच.

एक शब्द बोलावा लागला नाही. नानांचे डोळे पडद्यावर होते, मग पडद्यावर नव्हते, डोक्यातल्या फळ्यावर होते. मी बघत होते. एकेक पान उलटत गेलं आणि कुठे काय झालं ते त्यांना कळलं. माझ्याआधी कळलं असतं, तीन दिवस लागले नसते. चेहऱ्यावर काही दिसत नाही, चेहरा आता हलतच नाही. मास्कच्या मशीनचा आवाज तेवढा.

मग सांगलीचं उत्तर दाखवलं. दोन पडदे पदं. सावकाश वर सरकवत गेले.

म्हटलं, "नाना, माझं चुकलं. साफ करायला पाहिजे होतं."

डोळे दोनदा मिटले. नाही. माझं चुकलं नाही, की माफी मागू नको, की चूप बस, काय ते कळलं नाही. विचारलंही नाही.

आई पलंगाच्या पायथ्याशी. त्यांचे पाय चोळत होती, बघत कुणाकडेच नव्हती.

बऱ्याच वेळाने डोळे पत्रिकेकडे. क ची ओळ, च ची ओळ, ट, त, प. थांबले. प, फ. फ. मग ळ ला काना. दुसरा शब्द यायच्या आत मला कळला, तरी त्यांनी पूर्ण केला. अर्ध्यावर सोडायची सवय नाही.

फ-ळा-पू-स.

पुसला. यावेळी खरा. मशीनला सगळं विसरायची आज्ञा दिली, मग मशीनच बंद केलं, परत चालू केलं. अल्फा टाकला. अल्फाच आला. नानांना दाखवला. डोळे एकदा.

विचारलं, "टोपी ठेवायची? का आता तरी सलग नाव देऊ?"

बघत राहिले माझ्याकडे. मग चिन्हांच्या पत्रिकेकडे. टोपी. मला हसू फुटलं, आणि हसता हसता नको ते व्हायला लागलं म्हणून उठून पाणी प्यायले. टोपीचं ओझं उतरवायला हा माणूस तयार नाही. ठीक आहे. टोपीवाला अल्फा हा वेगळाच गडी धरायला मशीनला सांगता येतं, तशी सोय आहे. मी आधी शोधली नव्हती, कारण मला टोपीच नको होती.

मग विचारलं. विचारणं भाग होतं. "नाना, नळी. काम झालं म्हणून नको म्हणाला होतात. आता?"

डोळे मिटले.

एकदा मिटून उघडले तर हो. परत मिटले तर नाही. ते मिटले ते मिटलेलेच राहिले. मी थांबले. आई म्हणाली, "झोपलं वाटतं." झोपले नव्हते. पापण्यांच्या आत बुबुळं फिरत होती, डावीकडून उजवीकडे, ओळ वाचल्यासारखी.

९ मार्च, रवि. सातारा

नाना पहाटेपासून जागे. काका कूस बदलायला आले तर त्यांच्याशी डोळ्यांनी भांडण, डाव्या कुशीवर नको, तिकडून पडदा दिसत नाही. काका म्हणाले, "सरांची ड्यूटी लागल्याली दिसतीय परत."

सातव्या पानाऐवजी पहिल्यापासून. त्यांचीच आज्ञा. दुपारपर्यंत एक ओळ झाली. तिच्यात एक अट त्यांनी नव्याने घातली, जी जुन्या पानांत कुठेच नव्हती. हीच सुटली होती का, विचारलं. डोळे हलले नाहीत. त्यांनाही माहीत नसावं. ओळीच्या शेवटी सवयीने अर्धविराम टाकायला गेले तर डोळे दोनदा. अर्धविराम नको. उत्तर दिसू दे.

एक ओळ अशी, तर सगळी पानं व्हायला किती, हा हिशेब मी केला नाही. आईने बहुतेक केला असावा. मला विचारते, "उद्या कालिजात रजा टाकाया येती का?" टाकली.

दोनदा विचारलं नळीचं. एकदा पत्रिका धरून, एकदा नुसतं. दोन्ही वेळा नजर माझ्यावरून निघून पडद्यावर गेली.

घरघर परत सुरू झालीय, बारीक. उद्या सोमवार, डॉक्टरांचा फोन येईल. त्यांना काय सांगायचं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. नाना दुसऱ्या ओळीची वाट बघतायत.